सगळं आपल्याच बाजूनं

आपल्या बाजूनं सगळं घडायला लागलं की माणसं निवांत होतात. भुंगीचं उलटं झालं. कोर्टाची तारखेमागून तारीख तिच्या मनासारखी जायला लागली, आणि तिची झोप उडाली.

भुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते तिच्या थोरल्या भावानं, दादानं, लहानपणी ठेवलेलं. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की पोरगी दिवसभर तिच्याभोवती गुणगुणत फिरायची. नळाला पाणी कुठून येतं, शेजारच्या काकू भर उन्हाळ्यात हातमोजे का घालतात, आरशात डावं-उजवं बदलतं तर वर-खाली का बदलत नाही. मोठी झाल्यावर तिनं कामही तसंच धरलं. चष्म्याच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या खोलीत, ती लोकांचे डोळे तपासायची. माणसाला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर जड चौकट चढवायची, तिच्यात एकेक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?" लोक पुष्कळदा तिला बरं वाटावं म्हणून काहीतरी ठोकून देतात, हे तिला अनुभवानं कळलं होतं. काही बहाद्दर तर भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं पाठ करून येत. मग ती गुपचूप तक्ता बदलायची.

तिचा नवरा रुग्णवाहिका चालवायचा. दोघांचं कडाक्याचं भांडण असं कधी झालंच नाही. ती विचारायची आणि तो गप्प बसायचा. दिवसभर सायरनच्या आवाजात राहून आलेल्या माणसाला शांतता लागते, हे तिलाही समजायचं. पण शांतता म्हणजे किती वर्षं? कसा आहेस, काय झालं, कशानं दमलास, या कशालाच उत्तर येईना, तेव्हा एक दिवस ती लेकीला घेऊन वेगळी राहायला गेली. लेक दुसरीत होती. चेहरा वाटोळा, डोळे वाटोळे, अंगणात सोडली तर घरंगळत जाईल अशी. म्हणून तिला सगळे गोटी म्हणायचे. वेगळं व्हायचं यावर नवरा-बायकोचं चटकन एकमत झालं. गोटी कुणाकडे राहणार, यावर काही केल्या होईना. आईलाही ती हवी होती आणि बापालाही. मग प्रकरण कुटुंब न्यायालयात गेलं.

तिथेच दादा नोकरीला होता. न्यायाधीश नव्हे, पण कचेरीतला मोठा अधिकारी. कुठलं प्रकरण कधी लागणार, मुलांशी बोलायला कोणती समुपदेशक नेमायची, वेगळ्या राहणाऱ्या आईबापांनी मुलाला कोणत्या वेळी भेटायचं, हे सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. आपल्या नात्यातलं प्रकरण आलं तर न्यायाधीशांना सांगून बाजूला व्हायचं, असा तिथला नियम. अर्ज केला त्या दिवशीच दादा भुंगीला म्हणाला होता, "तुझ्या प्रकरणाला मी हातसुद्धा लावणार नाही. दुसऱ्याकडे सोपवतो. तू निर्धास्त राहा." भाऊ-बहिणीची आडनावं वेगळी, त्यामुळे कोर्टात कुणाला त्यांचं नातं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. भुंगी निर्धास्त राहिली.

निकाल लागेपर्यंत बापानं गोटीला कोर्टातल्या खेळण्यांच्या खोलीत भेटायचं, असं ठरलं होतं. सुरुवातीच्या भेटी नीट झाल्या. मग एका भेटीला तो आलाच नाही. गोटी चित्र जुळवायचे तुकडे पुढ्यात घेऊन बसली होती, ती तशीच परत आली. पुढच्या भेटीलाही नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"छान!" भुंगीची वकीलबाई म्हणाली. "बाप गैरहजर, बाप गैरहजर. न्यायाधीशांपुढे हे आपोआप मांडलं जातंय. आपल्याला तोंडही उघडायला नको."

भुंगीनं मान डोलावली, पण तिच्या डोक्यात भुणभुण सुरू झाली. या माणसाशी तिनं संसार केला होता. त्याच्यात शंभर खोड्या असतील, उशीर करणं ही नव्हती. तो सिनेमाला दारं उघडायच्या आधी जाऊन उभा राहायचा. लग्नाच्या दिवशी तो तिच्याही आधी येऊन बसला होता. वेळेवर पोचणं हाच ज्याचा धंदा, तो स्वतःच्या लेकीपर्यंत पोचत नाही? का?

दादाला विचारलं तर तो म्हणाला, "माणसं बदलतात गं. तू नको त्यात डोकं घालू."

काही दिवसांनी समुपदेशकबाईंनी भुंगीला बोलावलं. तरुण होत्या, बोलायला गोड, आणि खूप दमलेल्या दिसत होत्या. खोलीत लहान मुलांच्या उंचीच्या खुर्च्या होत्या. भुंगीचे गुडघे हनुवटीला लागायला आले. गोटीला रंगाचे खडू देऊन बाईंनी बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लोटलं.

"तुम्ही काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "मी शिफारस तुमच्याच बाजूनं करणार आहे. अर्धा माणूस घरी आणि अर्धा सायरनवर, अशा बापावर मूल कसं सोडायचं? त्यातून ते रुग्णवाहिकेत बसवून फिरवणं. लहान मुलीला! ऐकूनच काटा आला माझ्या अंगावर."

भुंगी ऐकता ऐकता थबकली.

रुग्णवाहिकेची गोष्ट खरी होती. शाळेची गाडी बंद पडली होती, आणि गोटीचा बाबा रिकामी रुग्णवाहिका धुवायला घेऊन चालला होता. त्यानं लेकीला पुढे शेजारी बसवून घरी आणलं. तिनं फारच लाडीगोडी लावली म्हणून गल्लीच्या तोंडाशी सायरनचा एक भोंगाही मारला. गोटी त्यानंतर कितीतरी दिवस हवेत होती. भुंगीनं ही गोष्ट एकाच माणसाला सांगितली होती, तीही हसत हसत, भांडी पुसताना. दादाला. आणि 'अर्धा घरी, अर्धा सायरनवर' हे बोलणंही दादाचंच. मेहुण्याची चेष्टा करताना तो नेहमी तेच म्हणायचा.

"हे तुम्हाला गोटीनं सांगितलं का?" भुंगीनं विचारलं.

"हो. म्हणजे... तिनंच सांगितलं असेल ना."

"सायरनची गोष्ट ती सांगते तेव्हा खुर्चीवर उभी राहून सांगते. हात वर करून. तशी उभी राहिली होती का ती?"

भुंगीनं उत्तराची वाट पाहिली. खुर्चीतल्या माणसाला घाई केली की तो वाटेल ते उत्तर देतो, हे तिला माहीत होतं. बाईंनी टेबलावरचे लाकडी प्राणी उगाच इकडचे तिकडे केले. हत्ती, घोडा, पुन्हा हत्ती.

"तुम्हाला माहीत आहे असं मी धरून चालले होते," शेवटी त्या हळूच म्हणाल्या. "साहेबांनी सांगितलं, घरचंच प्रकरण आहे, जरा नीट बघा. काय काय झालंय तेही त्यांनीच सांगितलं. दर वर्षी माझी नेमणूक त्यांच्याच हातून पुढे जाते हो. मी काय म्हणणार होते?"

"आणि गोटी काय म्हणाली?"

बाईंच्या तोंडावर ओशाळवाणं हसू आलं. "खरं सांगू? तिच्याशी मी फारसं बोललेच नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी भुंगी दुकानातून लवकर निघाली आणि थेट रुग्णवाहिकांच्या तळावर गेली. गोटीचा बाबा गाडीच्या मागच्या भागात वाकून फरशी पुसत होता. पुसून झाल्यावर त्यानं ऑक्सिजनच्या नळकांड्याचा काटा बघितला, स्ट्रेचरचे पट्टे एकेक ओढून पाहिले. मग त्याचं लक्ष गेलं. तो खाली उतरला आणि फडकं हातात धरून उभा राहिला.

"गोटी बरी आहे ना?"

"बरी आहे. तू तिला भेटायला का येत नाहीस?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "हे तू विचारतेस?"

"मीच विचारणार ना. दुसरं येतं काय मला?"

त्याला हसू आलं, पण लगेच मावळलं. "भेट माझ्या सुट्टीच्या दिवशी असायची. ती बदलून भर कामाच्या दिवशी सकाळी केली. निरोप मिळतो तेव्हा मी कुणाला तरी घेऊन दवाखान्याकडे निघालेला असतो. वेळ बदलून द्या म्हणून दोनदा विनंती केली, कुणी उत्तर देईना. एकदा जोडीदाराच्या हातापाया पडून, गाडी त्याच्याकडे देऊन धावत आलो. तर म्हणाले, आजची भेट रद्द झालीय, कळवलं नाही का तुम्हाला?"

"आणि तुला काय वाटलं?"

"तुझ्या भावाची कचेरी आहे ती, भुंगी. काय वाटणार? वाटलं, तूच सांगितलंस त्याला."

"मी? तुला वाटलं मी असं करेन? आणि तू गप्प बसलास?"

"वकील म्हणाला, हातात पुरावा नसताना अधिकाऱ्यावर बोट दाखवलं तर आपणच तोंडघशी पडू." तो फडक्याची घडी घालायला लागला. "आणि दुसरंही एक वाटलं. तुला ती इतकी हवी असेल, असलं काही करण्याइतकी, तर मग मी..."

वाक्य पुरं झालं नाही. आतून कुणीतरी त्याला हाक मारली, कुठे तरी माणूस पडला होता. तो गाडीत चढला, आणि दार ओढून घेताना म्हणाला, "मी येत होतो, एवढं गोटीला सांग."

गाडी कोपऱ्यावरून वळली तरी भुंगी तिथेच उभी होती. लग्नाच्या अख्ख्या काळात तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. थोडं आधी बोलला असता तर, असं तिला वाटून गेलं. मग तिनं तो विचार बाजूला सारला, कारण पुढचा प्रश्न मोठा होता. दादानं हे का केलं?

दादा म्हणजे काही कारस्थानी माणूस नव्हे. दुकानदारानं चुकून जास्त सामान दिलं तर परत जाऊन देऊन येणारा. रस्ता ओलांडताना अजूनही बहिणीचा हात धरणारा. पुढच्या सुट्टीच्या सकाळी ती त्याच्या घरी गेली, तेव्हा वहिनी बाहेर गेली होती आणि दादा आठवड्याभराच्या शर्टांना इस्त्री करत होता. हे काम तो कुणाला करू द्यायचा नाही.

"दादा, गोटीच्या भेटीची वेळ कुणी बदलली?"

"बदलतात कचेरीतून. चहा घेणार?"

"घेईन. कुणी बदलली?"

त्यानं कॉलरवरून इस्त्री फिरवली, शर्ट उलटा केला, पुन्हा फिरवली.

"समुपदेशकबाईंना मी भेटून आले," भुंगी म्हणाली. "गोटीच्या बाबालाही."

दादानं इस्त्री उभी करून ठेवली. "मी एक अक्षरही खोटं लिहिलेलं नाही."

"मग काय केलंस?"

"जे केलं ते सगळं नियमात बसतं. वेळ बदलता येते. समुपदेशक नेमता येते. तिच्याशी दोन शब्द बोलता येतात."

"आणि बाजूला होणार होतास, ते?"

त्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं. भुंगीला वाटलं होतं की आपल्याला राग येईल. राग होताच; पण त्याहून जास्त तिला जाणून घ्यायचं होतं. तिनं पलंगावरचे शर्ट सरकवून जागा केली आणि बसली. "दादा, का? मला खरंच कळत नाहीये, म्हणून विचारतेय."

दादानं इस्त्री झालेल्या शर्टाची घडी घातली. मग म्हणाला, "आईबाबा काही काळ वेगळे राहत होते. तुला आठवत नसेल."

"तू शिकायला दुसऱ्या गावी होतास तेव्हा?"

"मी शिकायला गेलो नव्हतो. असं तुला सांगितलं होतं." तो दुसऱ्या टोकाला बसला. "मला एका खोलीत नेलं होतं. मोठं टेबल होतं. टेबलामागच्या माणसानं विचारलं, बाळ, कुणाकडे राहायचंय? मला वाटलं, आज संध्याकाळपुरतं विचारतोय. बाबा बाहेर खुर्चीवर एकटे बसले होते, त्यांना वाईट वाटेल म्हणून मी म्हणालो, बाबांकडे. बाहेर आलो तर आई रडत होती आणि तू तिच्या मांडीवर झोपली होतीस. मला वाटलं होतं, तू पण येशील. तुला कुणी विचारलंच नाही ना. पुढे दोघं पुन्हा एकत्र आले, सगळं मिटलं म्हणे. पण तोपर्यंत रोज रात्री मी तेच आठवायचो, आपण काय बोललो ते."

लहानपणी भुंगी कितीदा विचारायची, दादा कुठे गेला होता, कोणत्या शाळेत होता, तिथे काय होतं. प्रत्येक वेळी आई विषय बदलायची.

"गोटीला त्या खोलीत कुणी तसं विचारावं, असं मला नको होतं," दादा म्हणाला. "सगळं आधीच एका बाजूला झुकलेलं असलं ना, की मुलाला विचारावं लागत नाही. रोज बघतो मी."

"हो रे. पण तिच्या बाबाला तू बाहेरच्या खुर्चीवरसुद्धा बसू दिलं नाहीस."

दादाचा चेहरा पडला. हे त्यानं मनातही कधी असं मांडून पाहिलं नसावं.

"न्यायाधीशांना जाऊन सांग," ती म्हणाली. "सगळं."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? माझी नोकरी जाईल. आणि तू हरशील."

"कशावरून?"

"कारण तुला कुणी विचारलं की तू खरं तेच बोलतेस. असल्या माणसांचं काय होतं ते मला विचार."

"तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, दादा."

"भावाविरुद्ध उभी राहशील?"

"विरुद्ध नाही. भावाबद्दल सांगेन."

चहा न घेताच ती निघाली.

वकीलबाईला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "अहो, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय? शेवटची तारीख आहे. गप्प बसायचं, एवढं एकच काम आहे तुम्हाला!"

गप्प बसणं अवघड होतं अशातला भाग नाही. मधल्या दिवसांत भुंगीनं ते करून पाहिलं. गोटीचे केस विंचरताना, तिच्या बुटाची नाडी बांधताना तिला वाटायचं, कशाला? ही माझ्याकडेच आहे, माझ्याकडेच राहणार आहे. घर रिकामं पडल्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं की ती उठून गोटीचं पांघरूण सारखं करायची. ती काही कुणी साध्वी नव्हती. पण एक प्रश्न तिचा पिच्छा सोडेना. कुणी मागून धक्का दिला नसता, तर काय ठरलं असतं? गोटीसाठी कोण बरं, हे कुणी नीट बघितलं असतं तर काय दिसलं असतं? कदाचित तीच. कदाचित तो. कदाचित दोघं. आता गप्प बसलो तर हे आपल्याला जन्मात कळणार नाही, आणि जन्मभर आपण लेकीकडे बघताना तेच विचारत राहू, हे तिला दिसत होतं.

त्यातच शाळेच्या वाटेवर गोटीनं तिचं बोट ओढलं. "आई, बाबा माझ्यावर रुसलाय का?"

"नाही गं. तो येत होता."

"मग दिसला का नाही?"

भुंगीला उत्तर माहीत होतं, आणि सात वर्षांच्या मुलीला ते कसं सांगायचं हे माहीत नव्हतं. "ते मी विचारून येते," ती म्हणाली.

कोर्टाची खोली फार मोठी नव्हती. एका बाजूला भुंगी आणि वकीलबाई, दुसऱ्या बाजूला गोटीचा बाबा, दाढी गुळगुळीत करून, त्याच्या वकिलाशेजारी. न्यायाधीशबाई वयस्क होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन त्यांनी सुरुवात केली.

"आज सकाळी कचेरीतले अधिकारी मला भेटले. या प्रकरणातली आई त्यांची बहीण आहे. हे आधी सांगायचं राहून गेलं, असं ते म्हणाले. आजपासून ते या प्रकरणातून बाजूला झाले आहेत. कुणाला काही म्हणायचंय?"

भुंगीनं मागे वळून पाहिलं. दादा दाराशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, मान खाली. तो आला होता. त्यानं सांगितलं होतं. तिला एकदम हलकं वाटलं. वकीलबाईनं टेबलाखालून तिचा हात दाबला, म्हणजे झालं, आता बसा. पण 'आजपासून' हा शब्द भुंगीच्या कानात अडकला. आजपासून बाजूला. कालपर्यंतचं काय? दादानं अर्धं सांगितलं होतं. सांगितल्यासारखं झालं आणि बदललं काहीच नाही, नेमकं तेवढं.

ती उभी राहिली.

"मॅडम, मला म्हणायचंय."

तिनं सांगितलं. भेटीच्या वेळा कशा बदलल्या, गोटीचा बाबा धावत येऊन कसा परत गेला, समुपदेशकबाईंच्या कानावर काय घातलं गेलं, रुग्णवाहिकेची हसण्यावारी नेलेली गोष्ट तक्रार कशी झाली. दादाकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलणं जमलं नसतं.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून ठेवला. "तुम्हाला कळतंय ना, यानं तुमचंच नुकसान होऊ शकतं?"

"हो, मॅडम. पण मला कळू दे तरी."

"काय कळू दे?"

"गोटीनं कुणाकडे राहणं बरं, ते. आतापर्यंत कुणी बघितलेलंच नाहीये."

गोटीचा बाबा तिच्याकडे बघत होता, तोंड किंचित उघडं. न्यायाधीशबाईंनी दाराकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

दादा दोन पावलं पुढे आला. "खरं आहे," तो म्हणाला. "वेळा मीच बदलल्या. समुपदेशकबाईंशी मीच बोललो, त्यांची चूक नाही. आणि माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नव्हतं."

त्या दिवशी निकाल लागलाच नाही. प्रकरण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कोर्टात गेलं, जिथे कुणी कुणाचा भाऊ नव्हता. आधीचं सगळं बाजूला ठेवून नव्यानं सुरुवात झाली. दादाला खुर्चीवरून उठवलं आणि त्याची चौकशी लागली. त्यानं स्वतःहून कबूल केलं म्हणून नोकरी वाचली. पण त्याला अशा खात्यात पाठवलं, जिथे त्याच्या हातून कुणाचं बरंही होणार नाही आणि वाईटही. समुपदेशकबाईंनी चौकशीत खरं ते सांगितलं आणि त्या सुटल्या.

भेटी पुन्हा सुरू झाल्या. पहिल्या भेटीत गोटी बापाकडे पाठ करून बसली. रुसली होती ती. त्यानं समजावलं नाही, लाडीगोडी केली नाही. नुसता शेजारी, फरशीवर मांडी घालून बसून राहिला. भुंगी काचेतून बघत होती. ज्या गप्प बसण्यापायी संसार मोडला, ते गप्प बसणं त्या दिवशी कामाला आलं. कितीतरी वेळानं गोटीनं, मागे न बघताच, चित्राचा एक तुकडा त्याच्याकडे सरकवला. त्यानं तो लावला. चुकीच्या जागी लावला असावा, कारण गोटी एकदम वळली आणि त्याला रागवायला लागली.

नव्या कोर्टातले समुपदेशक पिकल्या मिश्यांचे गृहस्थ होते. ते गोटीशी बोलले, शाळेत गेले, दोन्ही घरी येऊन बसले. त्यांचं काम संपल्यावर भुंगीला राहवलं नाही. "तुम्ही तिला विचारलंत का, कुणाकडे राहायचंय म्हणून?"

"छे," ते म्हणाले. "असं ओझं मुलांच्या डोक्यावर द्यायचं नसतं. ताप आला की कोण उठतं, भीती वाटली की कुणाला हाक मारतेस, रुग्णवाहिकेत काय काय असतं, असलं विचारलं. शेवटचं उत्तर फारच लांबलं. खुर्चीवर उभी राहून सांगत होती."

निकाल लागला तेव्हा गोटी आईकडे राहिली. पण बापाच्या सुट्टीचे सगळे दिवस त्याचे, आणि शाळेची सुट्टी निम्मी निम्मी. भुंगीनं मागितलं होतं त्याहून हे कमीच. पहिल्यांदा गोटी बॅग पाठीला लावून बापाबरोबर गेली तेव्हा भुंगी घरी येऊन रडली. मग उठून तिनं सगळ्या घरातले पडदे धुतले. संध्याकाळी त्याचा फोन आला. आपणहून. गोटी जेवली, दोनदा वाढून घेतलं, आता झोपलीय, असं सांगून तो थांबला आणि म्हणाला, "तू कशी आहेस?" भुंगीनं फोन कानापासून दूर धरून बघितला, नंबर त्याचाच आहे ना म्हणून.

दादा बरेच महिने बोलला नाही. भुंगीनं फोन केला की वहिनी उचलायची आणि "घरी नाहीत" म्हणून ठेवून द्यायची. एकदा चुकून त्यानंच उचलला. भुंगीनं दुसरं काही न बोलता नव्या समुपदेशकांनी गोटीला काय विचारलं आणि काय विचारलं नाही, ते सांगून टाकलं.

"आणखी काय काय विचारलं त्यांनी?" दादानं विचारलं.

तिला आठवत होतं ते सगळं तिनं सांगितलं. मधेच त्यानं तिला थांबवून एकदोन गोष्टी पुन्हा सांगायला लावल्या.

आता तो कधीमधी येतो. गोटीला गणित शिकवतो, चहा घेतो, आणि नव्या कामाबद्दल विचारलं की "ठीक आहे" म्हणतो. झालेल्या गोष्टीचा विषय दोघंही काढत नाहीत. वहिनी मात्र अजून भुंगीशी बोलत नाही, आणि त्यात तिची काही चूक आहे असं भुंगीलाही वाटत नाही.